लाल पुस्तकांतलं रोमन राजकारण: लोएबचे कोणते खंड घ्यावेत, कोणते टाळावेत

लॅटिन कवी सत्तेबद्दल काय बोलले आणि काय बोलायचं टाळलं, हे मुळाजवळ जाऊन वाचायचं असेल तर लोएब क्लासिकल लायब्ररीची सहा पुस्तकं पुरतात. मालिकेत पाचशेच्या वर खंड आहेत, त्यात ग्रीकही आले. सगळ्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. हा आढावा फक्त लॅटिन कवितेपुरता आहे आणि तोही एकाच प्रश्नापुरता: राजकारण वाचायला ही पुस्तकं कितपत उपयोगी पडतात? समोर धरलेत ते ठाणे-नवी मुंबईत घरगुती वाचनगट चालवणारे वाचक. संस्कृत किंवा इतिहास शिकून झालेला, आणि आता रोमकडे वळावंसं वाटणारा. लॅटिन येत नसलं तरी चालेल. मात्र डावं पान, म्हणजे मूळ लॅटिनचं, हाताने झाकून वाचायचं नाही, एवढी अट.

ही अट का, ते आधीच सांगतो. या कवींचं राजकारण घोषणेत क्वचित असतं. ते असतं कोणाचं नाव घेतलं, ते कितव्या ओळीत आलं, कोणाचं गाळलं, कविता कोणाला उद्देशून आहे आणि कोणत्या वर्षी लोकांच्या हाती पडली यात. यातलं बरंचसं लॅटिनचं व्याकरण न येणाऱ्यालाही डाव्या पानावर दिसतं. नावं मोठ्या अक्षराने सुरू होतात, दर पाचव्या ओळीला आकडा असतो. उजव्या पानावरचं इंग्रजी गद्य मात्र वाक्यांची उलटापालट करतं, त्यामुळे नेमकी हीच जागा बिघडते. समोरासमोर मूळ छापणारी मालिका म्हणून लोएबला पर्याय नाही तो यासाठी.

पुस्तकाचा आकार सुमारे सव्वाचार बाय साडेसहा इंच. एका हातात मावतं, लोकलमध्ये उभ्याने वाचता येतं. ठाण्याहून सीएसएमटीच्या धीम्या गाडीत होरेसच्या चार-पाच कविता सहज होतात. लॅटिनची पुस्तकं लाल, ग्रीकची हिरवी. जेम्स लोएब यांनी मालिका 1911 मध्ये स्थापन केली, पहिले खंड 1912 मध्ये आले. आज ती हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे आहे. त्याच प्रकाशनाची मूर्ती क्लासिकल लायब्ररी ऑफ इंडिया 2015 पासून निघते आहे. तिचा एखादा खंड चाळला असेल तर मांडणी ओळखीची वाटेल.

कोणते सहा

व्हर्जिलचे दोन (क्रमांक 63 आणि 64), होरेसच्या 'ओड्स' आणि 'इपोड्स'चा एक (33), ओव्हिडचा हद्दपारीतल्या कवितांचा (151), लुकन (220), आणि ज्युव्हेनल-पर्सियस एकत्र असलेला (91). अमेरिकेतली छापील किंमत एका खंडाला तीस डॉलरच्या घरात. आपल्याकडे बहुतेक मागवूनच घ्यावी लागतात असं धरून चाला. सहा जणांचा गट असेल तर प्रत्येकाने एक घ्यावा आणि भिशीसारखे फिरवावेत. सगळ्यांनी एकच खंड घेण्यापेक्षा हे बरं, कारण निव्वळ लॅटिन संहिता पर्स्यूस (Perseus) डिजिटल लायब्ररी या संकेतस्थळावर फुकट आहे. त्या दिवशीच्या ओळींची छापील पानं सगळ्यांना वाटता येतात.

मागवताना एक सापळा आहे, तो अनुवादकाच्या नावात. जुने लोएब स्वामित्वहक्काबाहेर गेल्यामुळे कोणीही ते स्कॅन करून, नवं मुखपृष्ठ चढवून विकतं, आणि ऑनलाइन यादीत ते खऱ्या नव्या आवृत्तीशेजारीच दिसतात. होरेसच्या 'ओड्स'वर नायल रड (2004) हे नाव हवं, सी. ई. बेनेट दिसलं तर ती 1914 ची प्रत. ज्युव्हेनलवर सुझाना मॉर्टन ब्रॉन्ड (2004) हवं, जी. जी. रॅमसे म्हणजे 1918. व्हर्जिल फेअरक्लफचाच, पण 'जी. पी. गूल्ड यांनी सुधारलेला' असं नमूद असलेला. ओव्हिडच्या 151 वर व्हीलरच्या जोडीला तेच गूल्ड हवेत. लुकनच्या बाबतीत सापळा नाही, कारण जे. डी. डफ यांचा 1928 चा अनुवादच आजही छापला जातो.

फरक फक्त भाषेच्या ताजेपणाचा नाही. जुने अनुवादक अश्लील मजकूर गुळगुळीत करत किंवा गाळत. मार्शलच्या 1919 च्या लोएबमध्ये तर तसल्या कविता इंग्रजीऐवजी इटालियनमध्ये छापल्या होत्या! रोममध्ये राजकीय शिवी आणि लैंगिक शिवी एकाच तोंडातून निघत असल्याने, सोज्वळ आवृत्तीत टीकेचा दातच पडलेला असतो.

व्हर्जिल: दोन्ही खंड लागतात, एकाने भागत नाही

खंड 63 मध्ये 'एक्लॉग्ज', 'जॉर्जिक्स' आणि 'ईनिड'चे पहिले सहा सर्ग; 64 मध्ये पुढचे सहा. पैसे वाचवायला पहिलाच घेतला तर राजकीय वाचन अर्ध्यावर लंगडतं, ते असं.

सुरुवात 'ईनिड'ने करू नका. पहिली एक्लॉग घ्या, फक्त 83 ओळी. इ.स.पू. 42 मध्ये फिलिप्पायच्या लढाईत ज्युलियस सीझरचे मारेकरी हरले, त्यानंतर विजयी सेनापतींना निवृत्त सैनिकांना जमिनी द्यायच्या होत्या. त्या इटलीतल्या शेतकऱ्यांकडून हिसकावल्या गेल्या. कवितेत दोन गुराखी आहेत. तितिरसची जमीन वाचली, मेलिबिअसची गेली. सहाव्या ओळीत तितिरस म्हणतो, हा निवांतपणा मला एका देवाने दिला. तो देव कोण? 42 व्या ओळीत 'तो तरुण' असा उल्लेख येतो, बस. ऑक्टेव्हियनचं, म्हणजे पुढच्या सम्राट ऑगस्टसचं, नाव कुठेही नाही. आणि 70 ते 72 या ओळींत मेलिबिअस म्हणतो की मी कसलेली ही शेतं आता एक अधर्मी शिपाई उपभोगणार, नागरिकांच्या भांडणाने आम्हाला कुठे आणून सोडलं बघ. वाचवणारा आणि हिसकावणारा एकाच सत्तेचे दोन हात आहेत. व्हर्जिल ते जोडून दाखवत नाही. दोन तोंडांत वाटून ठेवतो. लोएबच्या तळटिपा इथे तोकड्या पडतात, जमिनींच्या जप्तीची पार्श्वभूमी गटाने स्वतः पानभर लिहून आणावी.

इथे एक चूक हमखास होते. चर्चेत सगळे 'ऑगस्टस' म्हणू लागतात. ही पदवी त्याला इ.स.पू. 27 च्या जानेवारीत मिळाली. एक्लॉग्ज त्याच्या दहा-बारा वर्षं आधीच्या, तेव्हा तो तीन सत्ताधीशांपैकी एक होता आणि टिकेल की नाही याचीही खात्री नव्हती. इ.स.पू. 29 मधल्या 'जॉर्जिक्स'लाही हेच लागू. पहिल्या सर्गाच्या शेवटी, जिथे सारथ्याचं न ऐकता रथ उधळलेला आहे, ती प्रतिमा विजयानंतरच्या शांततेची नाही. तारीख चुकली की स्तुती आणि धास्ती यांतला फरकच कळेनासा होतो.

मग 'ईनिड'चा सहावा सर्ग, ओळ 756 ते 898. पाताळात अँकायसीझ आपल्या मुलाला, काव्याचा नायक ईनियसला, अजून न जन्मलेले रोमन वीर दाखवतो. मिरवणुकीचा क्रम वहीत उतरवून काढा, कारण खरी गंमत क्रमात आहे. रोम्युलसनंतर काळाची सात शतकं ओलांडून ऑगस्टस येतो (791 ते 805), आणि त्याच्यानंतर परत मागे जाऊन दुसरा राजा न्यूमा. ऑगस्टसला दुसरा संस्थापक ठरवण्यासाठी कालक्रम मोडला आहे. याच उताऱ्यात, 794 व्या ओळीत, तो आफ्रिकेतले गारामांत आणि भारतीय यांच्याही पलीकडे साम्राज्य नेईल असं भाकीत आहे. त्या काळात कल्याणसारख्या बंदरांशी रोमन जगाचा व्यापार होता खरा. साम्राज्य वगैरे काही आलं नाही, उलट पुढे रोमन लेखक प्लिनीने भारत दरवर्षी रोमची पाच कोटी सेस्टर्स नाणी ओढून नेतो अशी तक्रार नोंदवली. प्रशस्तीतल्या भूगोलाकडे कसं बघायचं हे संस्कृत दिग्विजयवर्णनं वाचलेल्यांना शिकवावं लागत नाही.

त्याच मिरवणुकीत यादवीत एकमेकांशी लढलेले सीझर आणि पॉम्पी येतात (826 ते 835), आणि अँकायसीझ दोघांना विनवतो की पोरांनो, अशा युद्धांची सवय लावून घेऊ नका. राजेशाही उलथवणाऱ्या पहिल्या ब्रूटसने आपल्याच मुलांना मृत्युदंड दिला, त्याचं कौतुक करताकरता कवी त्याला 'दुर्दैवी' म्हणतो. शेवटी मार्सेलस, ऑगस्टसचा भाचा आणि जावई, इ.स.पू. 23 मध्ये विशीच्या आत-बाहेर गेलेला. साम्राज्याच्या भवितव्याची यादी एका मृत वारसावर संपते. आणि ईनियस पाताळातून बाहेर पडतो तो हस्तिदंती दारातून, खोट्या स्वप्नांच्या. यावर दोन हजार वर्षं वाद चालू आहे. गटात तो एका बैठकीत मिटवायचा अट्टहास नको.

आता खंड 64, आठवा सर्ग, ओळ 626 पासून ईनियसच्या ढालीचं वर्णन; तिच्यावर रोमचा पुढचा इतिहास कोरलेला आहे. इ.स.पू. 63 मध्ये कट करणारा कॅटिलाइन आणि कॅटो (668 ते 670) झाले की चित्र थेट ॲक्टियमच्या लढाईवर उडी मारतं, जिथे ऑक्टेव्हियनने अँटनी आणि क्लिओपात्राला हरवलं. म्हणजे इ.स.पू. 63 पासून 31 पर्यंत मधलं सगळं गायब. सीझरने रुबिकॉन ओलांडणं नाही, फिलिप्पाय नाही, पेरूसियाचा वेढा नाही. यादवीचा काळच ढालीवर नाही. ॲक्टियममध्ये अँटनीचं नाव आहे, पण त्याच्याभोवती पूर्वेकडची फौज आणि मागे 'इजिप्शियन बायको', जिचं नाव घेतलेलं नाही. रोमनाने रोमनाशी केलेलं युद्ध परकीयांशी केलेलं युद्ध होऊन जातं. सहाव्या सर्गात जे कुजबुजून बोललं गेलं ते आठव्यात पुसलं आहे. दोन्ही खंड शेजारी उघडे ठेवल्याशिवाय हे दिसत नाही, म्हणून एकाने भागत नाही म्हटलं.

बाराव्या सर्गाचा शेवट (930 ते 952) सर्वात शेवटी ठेवा. सहाव्यात (853) सांगितलं होतं, शरण आलेल्यांना अभय द्या, उद्धटांना नमवा. इथे ईनियसचा शत्रू टर्नस गुडघे टेकून दयायाचना करतो आणि ईनियस रागाच्या भरात त्याला मारतो. काव्य तिथेच संपतं, निवाडा न देता. या सर्गापुरतं केंब्रिजच्या हिरव्या-पिवळ्या मालिकेतलं रिचर्ड टॅरंट यांचं भाष्य (2012) मिळालं तर जरूर बघा. लोएबच्या टिपांनी इथे काही हाती लागत नाही.

होरेस

रड यांचा खंड या सहांतला सर्वात नीटस. इंग्रजी सरळ आहे, बोजड नाही.

ज्याने फिलिप्पायला सीझरचा मारेकरी ब्रूटस याच्या बाजूने लष्करी अधिकारी म्हणून लढाई केली, मुक्त झालेल्या गुलामाचा मुलगा, तो पुढे विजेत्यांचा कवी झाला. एवढ्यावरून 'विकला गेला' म्हणणारे गटात एक-दोन निघतातच. त्यांच्यासाठी 1.37, म्हणजे पहिल्या पुस्तकातली 37 वी कविता. क्लिओपात्राच्या मृत्यूवर, 32 ओळी. ओळी मोजत वाचा. सातव्या ओळीत 'राणी' येते, नाव नाही. सोळाव्या ओळीत, बरोबर मध्यावर, सीझर म्हणजे ऑक्टेव्हियन. अँटनी कुठेच नाही. एका रोमनाच्या पराभवाचा आनंद साजरा होतोय हे कवितेत दिसतच नाही. पण 21 व्या ओळीच्या मध्यात कविता वळते. तिथपर्यंत जी 'घातकी राक्षसी' होती ती आता भ्यायली नाही, पळाली नाही, तिने शांत चेहऱ्याने साप हातात घेतले. शेवटच्या ओळीत ती विजययात्रेत मिरवली जायला नकार देणारी, हीन नसलेली स्त्री आहे. नाचा-प्या म्हणून सुरू झालेली कविता विजेत्याच्या हातून निसटलेल्या माणसावर संपते. जुन्या बेनेट आवृत्तीत अनुवादकाने कवितांना आपले मथळे दिले आहेत, आणि इथे तो मथळाच क्लिओपात्राचं नाव घेऊन मोकळा होतो. होरेसने बत्तीस ओळी न घेतलेलं नाव वाचकाला पहिल्याच क्षणी कळतं.

तिसऱ्या पुस्तकातल्या पहिल्या सहा 'रोमन ओड्स' सलग वाचायच्या, सुट्या नाहीत. देशासाठी मरणं गोड, ही जगभर स्मारकांवर कोरलेली ओळ (3.2.13) त्यांतलीच. सुटी उचलली की ती घोषणा होते. सहावी कविता संपते तेव्हा मात्र कवी म्हणत असतो की आजोबांपेक्षा बाप वाईट, बापापेक्षा आपण, आणि आपल्यापेक्षा आपली पोरं वाईट निघणार. राज्यारोहणाच्या काळातलं हे काव्य उत्साहवर्धक नक्कीच नाही. 2.1 पण बघा: यादवीचा इतिहास लिहायला घेतलेल्या पोलियोला होरेस सांगतो, तू फसव्या राखेखालच्या निखाऱ्यांवरून चालतो आहेस.

इ.स.पू. 17 च्या सरकारी उत्सवासाठी लिहिलेलं 'कार्मेन सेक्युलारे' याच खंडात आहे. 27 मुलं आणि 27 मुलींनी गायलं. मागणीबरहुकूम कविता कशी असते याचा नमुना म्हणून एकदा वाचावं.

लुकन: पैशाला सर्वात जास्त मोल

कोणाला सहांतला एकच घ्यायचा असेल तर 220 घ्यावा. अख्खं काव्य एका खंडात, दहा सर्ग, आठ हजारांवर ओळी, विषय एकच: सीझर आणि पॉम्पीची यादवी, आणि त्यात मेलेलं प्रजासत्ताक. लुकन कॉर्डोबाचा, तत्त्वज्ञ सेनेकाचा पुतण्या. नीरोने आधी जवळ केलं, मग काव्य प्रसिद्ध करायला बंदी घातली. इ.स. 65 मध्ये नीरोविरुद्धच्या पिसोच्या कटात सापडून वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्याला मरावं लागलं. काव्य 10.546 ला, म्हणजे दहाव्या सर्गाच्या 546 व्या ओळीला, मध्येच तुटतं.

डफ यांचं इंग्रजी काटेकोर आहे, पण वेग हरवलेलं. लुकनची लॅटिन ओळ चाबकासारखी संपते. इंग्रजीत ती उपवाक्यांच्या गर्दीत विझते. म्हणून प्रत्येक उताऱ्यातल्या दोन-तीन ओळी लॅटिनमध्ये मोठ्याने वाचायची सवय लावा. उदाहरणार्थ 1.128: 'विक्ट्रिक्स काउसा देइस प्लाकुइत, सेद विक्टा कातोनि'. जिंकलेली बाजू देवांना आवडली, हरलेली कॅटोला. एका ओळीत दोन तराजू, आणि एका माणसाचं पारडं सगळ्या देवांच्या बरोबरीचं. महाकाव्यात देव कारस्थानं करतात ही परंपरा लुकनने मोडली. त्याच्या युद्धात देव उतरतच नाहीत, आणि सातव्या सर्गात तो सरळ म्हणतो की मर्त्यांच्या व्यवहारांची कुठल्याच देवाला फिकीर नाही.

वाद होतो तो 1.33 ते 66 वर. नीरोची स्तुती. नियतीला नीरो आणायला दुसरा मार्गच सापडला नसेल, तर हे सगळे गुन्हे आणि रक्तपात या किमतीत परवडले, असं कवी म्हणतो. प्रामाणिक की उपहास? एक बाजू म्हणते, हा सुरुवातीचा भाग, तेव्हा संबंध बरे होते. दुसरी म्हणते, याच्या आधीच्या 32 ओळींत ओसाड पडलेली इटली दाखवल्यावर 'परवडलं' म्हणणं हीच चपराक आहे. आमचं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, पण एवढंच की ती स्तुती बेरीज केल्यासारखी मांडली आहे आणि बेरजेच्या एका बाजूला प्रेतं आहेत. कवी मनात हसत होता का, हे ठरवायचं कारण नाही.

लुकनचं राजकारण सगळ्यात उघडं सातव्या सर्गात आहे, सीझरने पॉम्पीला हरवलं त्या फार्सेलसच्या रणांगणावर. 440 पासून 460 पर्यंत आणि मग 638 ते 646. तो म्हणतो, अरब, मीड आणि पूर्वेचे लोक सुखी, कारण ते कायम जुलमी राजांखालीच राहिले. स्वातंत्र्य चाखून गमावण्याची वेळ आपल्यावर आली. या तलवारींनी पुढची प्रत्येक गुलाम पिढी हरवली. 695 च्या सुमारास तो आखाड्यातली कायमची जोडी सांगतो: स्वातंत्र्य आणि सीझर. 'सीझर' तोवर नुसतं घराण्याचं नाव राहिलेलं नव्हतं, राज्यकर्त्याची ओळख झालेली होती. नीरोही सीझरच.

पूर्वेकडच्यांबद्दलचा त्याचा तुच्छ सूर आपल्याला बोचतो, बोचावा. स्वातंत्र्याचा कैवारी असलेला हा कवी सिनेटमधल्या सरदारांच्या स्वातंत्र्याबद्दल बोलतो. गुलामांचा त्यात हिशेब नाही.

ओव्हिड, आणि मग ज्युव्हेनल

ओव्हिडचं राजकारण बऱ्याच खंडांत विखुरलं आहे, पण 'ट्रिस्टिया'चं दुसरं पुस्तक वाचलं की ते एकत्र येतं. 578 ओळींचं एकच पत्र, खुद्द ऑगस्टसला. इ.स. 8 मध्ये त्याला काळ्या समुद्राकाठच्या टोमिसला, आजच्या रुमानियातल्या कॉन्स्टान्टाला, धाडलं. कारण तो स्वतः देतो (207): एक कविता आणि एक चूक. कविता म्हणजे प्रेमाचे धडे देणारी 'आर्स अमाटोरिया', तीही ज्या सम्राटाने इ.स.पू. 18 मध्ये व्यभिचाराविरुद्ध कायदा केला त्याच्या राज्यात. चूक कोणती, याबद्दल पुढच्याच ओळीत तो गप्प बसतो, आणि गप्प बसावं लागतंय हे सांगून. त्या रहस्यावर बैठक वाया घालवू नका. 533 ते 536 वर या: तुझ्या लाडक्या 'ईनिड'च्या कवीने आपला वीर कार्थेजच्या राणीच्या शय्येवर नेला, आणि अख्ख्या काव्यात तोच भाग सर्वात जास्त वाचला जातो. क्षमायाचनेच्या पत्रात ही कोपरखळी! आधी नम्रतेने सांगून ठेवलंय की राज्यकारभाराच्या ओझ्यामुळे आपण माझ्या किरकोळ कविता वाचल्या नसणारच. म्हणजे न वाचताच शिक्षा झाली.

ज्युव्हेनलच्या 91 मधून दोनच उपहासिका घ्या, चौथी आणि दहावी. चौथीत एक प्रचंड मासा सापडतो आणि तो शिजवायचा कसा यासाठी सम्राट डोमिशियन राज्याचं मंत्रिमंडळ बोलावतो. दहावीत सेजानसचं, सम्राट टायबेरियसच्या उजव्या हाताचं, पतन (इ.स. 31): त्याचा ब्राँझचा पुतळा वितळवून त्याच्या सुरया, पराती, तवे आणि मूत्रपात्रं होतात. लगेच पुढे 'भाकरी आणि सर्कस'. वर्तमानपत्री अग्रलेखांत हा वाक्प्रचार लोकांना हिणवायला वापरतात. 77 आणि 78 या ओळी वाचा, मग वापरा: आपली मतं विकत घेणारं कोणी उरलं नाही तेव्हापासून लोकांनी काळजी सोडली, असं तिथे आहे. अधिकाऱ्यांच्या निवडणुका इ.स. 14 मध्येच टायबेरियसने नागरिकांच्या सभेतून काढून सिनेटकडे दिल्या होत्या. मत आधी गेलं, उदासीनता नंतर आली. आणि ज्युव्हेनलच्या धैर्याचं फार कौतुक नको. पहिल्या उपहासिकेच्या शेवटी तो स्वतःच कबूल करतो की मी फक्त मेलेल्यांवर लिहीन.

पर्सियस त्याच बांधणीत फुकट मिळतो. अवघड आहे, सुरुवातीला सोडून द्या.

बैठक कशी घ्यावी

दोन तासांत 80 ते 100 ओळी अनुवादात आणि त्यांतल्या 10 ते 15 लॅटिनमध्ये, याहून जास्त झेपत नाही. आधी फळ्यावर तीन गोष्टी: काव्य प्रसिद्ध झाल्याचं वर्ष, ज्या घटनेबद्दल आहे तिचं वर्ष, त्या वेळी सत्तेवर कोण. मग बोलणारा कोण हे ठरवा. 'अमर्याद सत्ता मी दिली आहे' हे 'ईनिड'च्या पहिल्या सर्गात ज्युपिटर बोलतो, मुलीची समजूत काढताना. व्हर्जिल बोलत नाही. निम्मे वाद बोलणारा चुकल्यामुळे होतात. त्यानंतर नावांची यादी, ओळ क्रमांकांसह, आणि शेजारी अपेक्षित असून न आलेली नावं. टिबुलसच्या कवितांत ऑगस्टसचं नाव एकदाही येत नाही, हे अशी यादी केल्याशिवाय कोणाच्या लक्षातही येत नाही.

ओळ क्रमांक देताना लॅटिनचाच द्या. इंग्रजी गद्यातले आकडे अंदाजे असतात, दोन-तीन ओळी इकडेतिकडे. उच्चारासाठी लोएबमध्ये दीर्घ स्वरांच्या खुणा नाहीत. वृत्त म्हणून बघायचं असेल तर शब्दकोश जवळ लागतो. संस्कृत वृत्तांची सवय असलेल्यांना लघु-गुरूचा हिशेब लवकर जमतो, त्याचा फायदा घ्या.

फुकटचे पर्याय: फेअरक्लफ, बेनेट, रॅमसे, डफ हे सगळे जुने अनुवादक वारून साठहून अधिक वर्षं झाल्याने त्यांच्या मूळ आवृत्त्या भारतातही मुक्त आहेत आणि इंटरनेट आर्काइव्हवर मिळतात. लुकन तिथूनच वाचला तरी काही बिघडत नाही. होरेस आणि ज्युव्हेनल मात्र नवेच हवेत. 2014 पासून मालिका वर्गणी भरून ऑनलाइनही आहे. एकच नाव सगळ्या खंडांत शोधायचं असेल तर ती सोय भारी आहे, एरवी घरगुती गटाला त्या खर्चाची गरज नाही.

जून ते सप्टेंबर या पुस्तकांना जपावं लागतं. कापडी पुठ्ठ्यावर बुरशीचे पांढरे ठिपके लवकर येतात, विशेषतः खाडीकडच्या किंवा तळमजल्याच्या घरांत. घट्ट प्लास्टिकची वेष्टनं घालू नका, आत दमट हवा कोंडते. मूळ कागदी वेष्टन ठेवा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या, आणि भिंतीला टेकणारी फळी टाळा.

सहा झाल्यावर सातवा मार्शलचा 95, कारण सहा ते दहा ही पुस्तकं त्यात एकत्र आहेत. आठव्या पुस्तकात डोमिशियनवर स्तुतीचा वर्षाव, इ.स. 96 मध्ये डोमिशियनचा खून झाला, आणि नव्याने काढलेल्या दहाव्यातल्या 72 व्या कवितेत मार्शल खुशामतींनाच सांगतो की आता माझ्याकडे येऊ नका, मी कोणाला 'स्वामी आणि देव' म्हणणार नाही. दोन्ही एका बैठकीत, एकाच पुस्तकातून. आठवा कॅटलसचा (क्रमांक 6): 29, 57 आणि 93 या तीन कविता ज्युलियस सीझरवर. सीझर तेव्हा हयात होता, सत्तेच्या ऐन भरात, आणि 29 मध्ये त्याचं नि त्याच्या मामुर्रा या मर्जीतल्या माणसाचं जे काही काढलंय ते इथे लिहिता येण्यासारखं नाही. रोमन चरित्रकार स्वेटोनियस सांगतो की आपल्या नावाला कायमचा डाग लागला हे सीझरने मान्य केलं. कॅटलसने माफी मागितली त्याच दिवशी त्याला जेवायला बोलावलं. यासाठी गूल्ड यांची 1988 ची सुधारित आवृत्तीच घ्या.